जाऊबाईंची सुई

हिरव्या पडद्याखालून गुडघा अलीकडे आला आणि सुईचं पाकीट फोडता फोडता माझे हात थांबले. कार्ड चंपाक्काचं होतं, पण गुडघा चंपाक्काचा नव्हता.

चंपाक्काच्या गुडघ्यावर, वाटीच्या खाली, उसाचा खुंट लागून झालेली बोटभर खूण होती. या गुडघ्यावर बिब्ब्याच्या दोन काळ्या फुल्या होत्या. दुखऱ्या जागी बिब्बा घालायची आमच्या भागात रीतच आहे. या फुल्या तर मी चांगल्या ओळखत होते. हा गुडघा चंपाक्काच्या धाकट्या जावेचा, अनुसयाचा होता, आणि तिची पाळी अजून यायची होती.

'अगं अनुसया, तू इथं कशी?' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मला बोलायची बंदी होती. समोरच्या भिंतीवर डॉक्टर टिकेकरांनी एक कागद चिकटवला होता आणि मला काय काय बोलायची परवानगी आहे ते त्यावर टाईप करून लावलं होतं. 'नमस्कार. आता सुई लावते. थोडं टोचेल. स्वस्थ पडून राहा. झालं, उठा.' याच्या पलीकडे एक अक्षर नाही.

मी गुडघ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नमस्कार. आता सुई लावते."

ही गोष्ट मिरजेतली, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. मी सुनंदा मगदूम. बाजारपेठेत पिठाच्या गिरणीच्या वर माझा ॲक्युपंक्चरचा दवाखाना होता. लोक मला सुईवाल्या बाई म्हणायचे. 'बाई सुईपेक्षा जिभेनंच जास्त टोचतात' असंही म्हणायचे, ते मात्र मी जिना उतरून गेल्यावर. माझ्याकडे यायचे ते सगळे उपाय थकल्यावर यायचे, आणि बरे झाले की आणखी चौघांना पाठवायचे. एवढ्या वर्षांत माझी खात्रीच पटली होती की माझ्या हाताला गुण आहे. फक्त गिरणीच्या धडधडीचा आणि उडणाऱ्या पिठाचा मला कंटाळा आला होता. गावातल्या एका ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलात आपल्याला एक खोली मिळावी, दारावर आपल्या नावाची पाटी असावी, एवढी एकच हौस उरली होती.

ती खोली मागायला मी हाडांच्या विभागातल्या डॉक्टर अस्मिता टिकेकरांकडे गेले. बाई माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान, केस कापलेले, बोलणं सरळ.

"तुमचे पेशंट बरे होतात, हे मला मान्य आहे," त्या म्हणाल्या. "पण सुईनं होतात का?"

"मग काय गिरणीच्या आवाजानं होतात?"

त्या हसल्या नाहीत. "जे बरे झाले नाहीत ते कुठे गेले?"

"कुणास ठाऊक. परत आलेच नाहीत ते."

"म्हणजे तुम्हाला दिसतात ते फक्त बरे झालेले. मग सगळेच बरे होतात असं वाटणारच की."

मला राग आला. पण घरी येऊन भाकऱ्या थापताना जाणवलं, की या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी मी परत गेले आणि म्हटलं, "लावा छडा."

छडा लावायची त्यांची तऱ्हा अशी होती. गुडघेदुखीचे पेशंट घ्यायचे आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे तीन गट करायचे. एका गटाला नुसत्या गोळ्या आणि व्यायाम. दुसऱ्याला त्याबरोबर माझी खरी सुई. तिसऱ्याला त्याबरोबर खोटी सुई. ही खोटी सुई नाटकातल्या खंजिरासारखी होती. टोक बोथट, दाबली की दांडीत मागे सरकायची. कातडीला टोचल्यासारखं व्हायचं, पण आत काही जायचं नाही. कुणाला कुठली सुई ते पेशंटला कळू द्यायचं नाही, आणि टिकेकरांनाही नाही, कारण दुखणं किती कमी झालं ते मोजणार त्या. ठाऊक असणार ते एकट्या मला. म्हणून मला बोलायची बंदी.

"आणि मधे पडदाही लावणार आहे," टिकेकर म्हणाल्या. "तुमचा चेहरा म्हणजे बसस्टँडवरचं वेळापत्रक आहे, बाई. लांबूनसुद्धा वाचता येतो."

खऱ्या सुईनं खोटीला स्वच्छ हरवलं तर ट्रस्ट मला खोली देणार, असं ठरलं. आमच्या यजमानांना हे सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "इतके महिने तू तोंड मिटून काम करणार? मग हा अभ्यास सुईचा नाही, चमत्काराचा आहे," म्हणाले.

चंपाक्का आणि अनुसया पहिल्यांदा आल्या तेव्हा पडदा लागायचा होता, म्हणून त्यांचे चेहरे मी पाहिले, गुडघेही तपासले. मालगावकडच्या खोतांच्या घरातल्या या दोघी सख्ख्या जावा. बेदाण्याच्या शेडमध्ये दिवसभर बसून बेदाणा निवडायचा आणि संध्याकाळी एकमेकींना धरून उठायचं, असं त्यांचं चाललेलं. थोरली चंपाक्का रुंद बांध्याची, मोठ्या आवाजाची. धाकटी अनुसया शिडशिडीत, पदर दातात धरून ऐकणारी. टिकेकरांनी दोघींना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे येक सुई खरी आन् येक खोटी?" चंपाक्कानं विचारलं.

"हो. पण तुम्हाला कुठली मिळाली ते आत्ता कळणार नाही. सगळं संपलं की सांगू."

"ह्या बाईस्नी ठावं आसंल की." तिनं माझ्याकडे बोट केलं.

"त्यांना ठाऊक असणार. म्हणून त्यांनी तुमच्याशी बोलायचं नाही."

चंपाक्कानं माझ्याकडे फार कळवळून पाहिलं. "आरारा. बाईमानसाला ही आसली शिक्षा?"

मग तिनंच सांगितलं की घाई का आहे. अनुसयाची मुलगी मालन, तिचं लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. कन्यादानाला आईबापांनी पाटावर बसायचं, आणि अनुसयाचा डावा गुडघा तर वाकतच नव्हता. टिकेकर म्हणाल्या, "खुर्चीवर बसा की." त्यावर अनुसया पहिल्यांदा बोलली. "न्हाई. खुर्चीत बसून पोरगी दिली आसं नगं व्हायला. मला जमलं न्हाई तर आक्का आन् भावजी बसतील. पोरगी त्यांचीच हाय."

ते खरंच होतं. चंपाक्काला मूलबाळ नव्हतं. मालन तिच्याच कुशीत झोपून मोठी झाली होती. अनुसया बसू शकली नाही तर कन्यादानाचा मान चंपाक्काला, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नसतं. त्या वेळी चंपाक्का खिडकीबाहेर बघत होती.

चिठ्ठ्या निघाल्या. पहिल्या दिवशी रेबेका सिस्टरनं कार्डावरच्या नंबराची पाकिटं आणून दिली आणि मला कळलं. अनुसयाला खरी, चंपाक्काला खोटी. मला बरं वाटलं. गरजेच्या माणसाला गरजेची वस्तू मिळाली, असंच वाटलं. मी जीव ओतून काम करत होते. अनुसयाच्या त्या फुल्यांच्या आजूबाजूला सुया अशा निगुतीनं लावायची की माझ्या गुरूंनीही मान डोलावली असती. आणि तिच्या आधीच्या पाळीला चंपाक्काच्या गुडघ्यावर ती नाटकातली सुई टेकवताना मला माझ्याच हातांची लाज वाटायची.

पण झालं भलतंच. मला बोलायची बंदी होती, ऐकायची नव्हती, आणि दाराबाहेर व्हरांड्यात बाकावर पेशंट बसत. पावसाळा सरून थंडी लागली तसा चंपाक्काचा आवाज बाहेरून येऊ लागला. "परवा माळ्यावर चढले की मी. शिडीनं!" आठवडाभरानं, "काल भाकरी चुलीपुढं बसून केली." आणि अनुसयाचा बारीक आवाज, "मला काय फरक न्हाई बगा. हाय तसंच हाय."

एका चुलीवर जेवणाऱ्या दोन जावा, आणि त्यांच्यात माझी खरी सुई हरत होती नि खोटी जिंकत होती. दुसरे पेशंट होते, त्यात खऱ्या सुईचे बरे होणारेही होते. पण माझं लक्ष या दोन गुडघ्यांवरच खिळलेलं. मनात म्हणायचे, अनुसये, जरा तरी वाक गं. तुझ्या पोरीसाठी वाक, आणि माझ्या खोलीसाठीही वाक.

आणि मग तो दिवस, जेव्हा चंपाक्काच्या कार्डावर अनुसयाचा गुडघा आला.

कार्डावर नाव नसायचं, नुसता नंबर. पेशंट पुष्कळ, त्यात या दोघी डोक्यावर पदर घेऊन येणाऱ्या. रेबेका सिस्टर कार्ड बघायची, तोंड नाही. तिला कळायचं काही कारणच नव्हतं. या दोघींना ओळखणारी मी एकटी, आणि मी ओळखत होते ते गुडघ्यावरून.

नियम असा होता की जे पाकीट येईल तेच लावायचं. मी ते फोडलं. खोटी सुई. बिब्ब्याच्या फुल्यांच्या बाजूला मी ती टेकवली. पडद्यामागून हलकेच आवाज आला, "आय गं. लागली, लागली. बेस लागली." इतके दिवस खऱ्या सुईला हूं की चूं न करणारी अनुसया खोटीला म्हणत होती, बेस लागली. मी ओठ घट्ट मिटले.

पुढच्या पाळीला उसाच्या खुंटाची खूण आली. चंपाक्काला त्या दिवशी खरी सुई मिळाली. ती घोरायला लागली.

काम संपताच मी टिकेकरांची खोली गाठली आणि सांगितलं, "दोघी जावांनी कार्डं बदललीत."

"तुम्हाला कसं कळलं? चेहरे दिसतात?"

"गुडघे दिसतात."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुणाला कुठली सुई आहे ते मला सांगू नका. काहीही झालं तरी सांगू नका. मोजताना दोघींना पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीप्रमाणेच धरणार."

"सुई बदलली तरी?"

"तरीही. तिकीट ज्या गावाचं काढलं, हिशोब त्या गावाचा. माणूस मधेच उतरलं तरी. नाहीतर ज्याला जे सोयीचं ते तो मोजायला लागेल." मग म्हणाल्या, "पण का केलं असेल?"

त्याचं उत्तर दोघींकडूनच मिळालं. पुढच्या वेळी त्या आल्या तशा टिकेकरांनी त्यांना आत बोलावलं. मलाही बोलावलं, पण दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवून दाखवलं. अनुसयाची मान खाली. चंपाक्का मात्र उभी ती उभीच, कमरेवर हात ठेवून.

"कार्डं का बदललीत?" टिकेकरांनी विचारलं.

"लबाडी न्हाई केली, डाक्टरीणबाई," चंपाक्का म्हणाली. "तुमीच सांगितल्यालं न्हवं, येक खरी आन् येक खोटी? माजा गुडगा बरा झाला. म्हंजे खरी मला घावली. हिचा हाय तसा, म्हंजे खोटी हिच्या वाट्याला. लगीन तोंडावर आलंय. मी बरी हुन काय करू? पाटावर हिला बसायचंय. म्हनून माजी खरी सुई हिला दिली आन् हिची खोटी मी घेतली."

तिनं दिलं होतं ते तिच्या हिशोबानं सगळ्यात मोलाचं. आपला बरा होत आलेला गुडघा दिला होता, आणि त्याबरोबर कन्यादानाचा मानही. आणि प्रत्यक्षात, माझ्या हिशोबानं, तिनं जावेला बोथट सुई दिली होती आणि तिची खरी काढून घेतली होती. त्या खोलीत हे एकट्या मला ठाऊक होतं.

"मगदूम बाई," टिकेकर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "चेहरा."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"आन् बगा तरी, गुण आला का न्हाई ते!" चंपाक्का म्हणाली. "अनसे, दाव गं."

अनुसयानं पदर खोचला. एक हात टेबलाला धरून ती खाली जाऊ लागली. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते खरी, पण अर्धा डोळा तिकडेच होता. ती हळूहळू, दात आवळून, श्वास रोखून फरशीवर टेकली. मग उजवा पाय आत घेतला. मग डावा. पूर्ण नाही, पण मांडी म्हणता येईल इतका. आणि वर बघून हसली.

"येका सुईत!" चंपाक्का म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

टिकेकर फरशीवरच्या त्या मांडीकडे बघत राहिल्या. त्या बिचाऱ्यांना काहीच कळायला मार्ग नव्हता. शेवटी म्हणाल्या, "छान. पण आता आपापली कार्डं परत घ्या. अदलाबदल चालणार नाही."

"दिल्यालं परत घेत्यात व्हय?" चंपाक्का म्हणाली. "आमच्यात न्हाई घेत."

"मग मला तुम्हा दोघींचीही सुई थांबवावी लागेल."

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. "थांबवा," अनुसया खालूनच म्हणाली. "माजं काम झालं."

शेवटच्या मोजणीला नक्की येतो, असा शब्द देऊन त्या गेल्या. दार लोटल्यावर टिकेकर म्हणाल्या, "मला काही सांगू नका."

"मी कुठं काही सांगतेय?"

"मग डोळे पुसा."

लग्नाचं आमंत्रण आलं होतं, हळदकुंकू लावलेली पत्रिका. पण निकाल लागेपर्यंत पेशंटकडे जायचं नाही असा नियम, म्हणून मी गेले नाही. त्या दिवशी दवाखान्यात बसल्या बसल्या मुहूर्ताची वेळ टळेपर्यंत माझं घड्याळाकडे लक्ष होतं. पाटावर कोण बसलं असेल, एवढंच मनात. अनुसया बसली नसेल तर ते माझ्या गप्प बसण्यामुळे, असंही वाटून गेलं. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, अगं, तुझीच सुई खरी होती, ती कशाला सोडलीस!

पाऊस सुरू झाल्यावर निकाल आला. टिकेकरांनी मला चहा पाजला, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

"दोन्ही सुयांचे पेशंट नुसत्या गोळ्यांवाल्यांपेक्षा बरेच सुधारले," त्या म्हणाल्या. "हे चांगलं आहे. पण खरी आणि खोटी, या दोघींत फरक अगदी थोडा आहे. खरी किंचित पुढे आहे. इतकी किंचित, की ती योगायोगानंही पुढे असू शकेल."

मला फार लागलं ते. इतकी वर्षं ज्या बिंदूंसाठी बोटं झिजवली, ते बिंदू आणि आजूबाजूची कातडी यांत फारसा फरक नाही, असं कुणी सांगितलं तर लागणारच. चहा तसाच ठेवून मी म्हटलं, "म्हणजे मी आयुष्यभर नाटकच केलं?"

"पेशंट बरे झाले ते नाटक नव्हतं. ते मी स्वतः मोजलंय." त्या टेबलापलीकडून उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. "कुणीतरी स्वस्थ झोपवतं, दुखऱ्या जागेला हात लावतं, पुन्हा ये म्हणतं, आता बरं वाटेल अशी आशा असते. त्यातलं काय किती काम करतं ते मला अजून माहीत नाही. आपला हा एक छोटा अभ्यास झाला. जगात आणखी होताहेत, कुणाचा निकाल थोडा इकडे, कुणाचा थोडा तिकडे. पण मी ट्रस्टला सांगितलंय की बाईंना खोली द्या. गोळ्यांनी पोट बिघडलेल्या माणसाला याचा उपयोग आहे. फक्त एका अटीवर."

"कुठल्या?"

"जो येईल त्याला हा निकाल आधी सांगायचा. खरा खरा. मग त्याला हवी तर सुई."

"असं सांगितल्यावर कोण झोपेल माझ्यापुढे?"

"तेच बघायचं. सुरुवात त्या दोघी जावांपासून करा. त्यांना सांगायचं आपण कबूल केलंय."

खोलीची किल्ली टेबलावर ठेवलेली होती. मी ती उचलली नाही. मनाशी ठरवलं, चंपाक्काचं तोंड पडलं, तर खोलीही नको आणि सुईही नको. गिरणीवरचा दवाखानासुद्धा बंद करून नातवंडं सांभाळीन.

मी मालगावकडे गेले तेव्हा दोघी सोप्यात बसून बेदाणा निवडत होत्या. दोघीही जमिनीवर. मला बघून चंपाक्का उठली, कुणाचा हात न धरता, आणि तांब्याभर पाणी आणलं. भिंतीवर लग्नाचा फोटो लावलेला होता. पाटावर अनुसया आणि तिचा नवरा, मधे मुंडावळ्या बांधलेली मालन. अनुसयाची मांडी पक्की होती. मागे चंपाक्का उभी, तोंडभर हसत, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून.

"बसलीस की गं," मी म्हटलं.

"बसली तर काय! सगळं हुईस्तवर हालली न्हाई," चंपाक्का म्हणाली. "माजी सुई!"

आता सांगणं भागच होतं. मी सरळ सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. कुणाला कुठली सुई होती ते सांगितलं, आणि दोन्ही सुयांनी जवळजवळ सारखाच गुण आला हेही सांगितलं.

चंपाक्काच्या हातातला बेदाणा हातातच राहिला. मला वाटलं होतं ती म्हणेल, मला फसवलंत. स्वतःच्या गुडघ्याबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तिचा तो मोठा आवाज एकदम बसला.

"म्हंजे म्या हिला खोटी दिली?" ती म्हणाली. "पोरीच्या लग्नाला म्या हिची खरी काढून घेतली आन् खोटी दिली?"

अनुसयानं बेदाण्याचं सूप बाजूला सारलं आणि जावेच्या अगदी पुढ्यात सरकून बसली.

"आक्का, येक इचारू? माज्याकडं बगा."

"काय?"

"त्या दिशी पाटावर बसले तवा माजा गुडगा दुखला नसंल आसं वाटतंय तुमास्नी?"

"दुखत हुता?"

"थोडा दुखत हुता की. पर तुमी तुमची सुई मला दिल्याली. तुमचा बरा झाल्याला गुडगा दिल्याला. कन्यादान दिल्यालं. मागं उभं राहून खांद्यावर हात ठेवल्याला." तिनं आपल्या फुल्यांवर चापट मारली. "मग ह्येची दुखायची हिंमत हुती व्हय?"

चंपाक्का आधी बघतच राहिली. मग हसायला लागली. हसता हसता रडायला लागली आणि रडता रडता अनुसयाच्या पाठीत एक धपाटा घातला. मीही हसले आणि रडले. आता चेहरा सांभाळायला सांगणारं कुणी नव्हतं.

किल्ली मी दुसऱ्या दिवशी घेतली. त्या खोलीत आजही बसते. जो येतो त्याला आधी तो निकाल सांगते, सगळा, माझ्या विरुद्ध जाणाऱ्या ओळीसकट. काही जण उठून जातात. ते कुठे जातात हेही आता मी विचारून ठेवते. बाकीचे म्हणतात, असू दे बाई, लावा. भिंतीवरचा तो कागद टिकेकरांनी स्वतः काढून मला भेट दिला.

त्या दिवशी सोप्यातून मी निघायला उठले, तशी चंपाक्कानं माझा पदर धरला.

"आता तुमची बोलायची बंदी उठली न्हवं?"

"उठली."

"मग जाता कुटं? बसा की. लई दिस गप हुतासा."

तिनं सूप पुढे केलं. त्या दोघींच्या मधे जागा करून मी जमिनीवर मांडी घातली. माझाही गुडघा जरा कुरकुरला. पण मी त्याला दाद दिली नाही.